जनावराचा ताप, उंटाचं रक्त आणि कागदाची पट्टी

मागच्या महिन्यात रविवारी वंदना झाल्यावर विहाराच्या पायरीवर बसलो होतो. सावेडीच्या आपल्या वस्तीतल्या एका मावशी जवळ येऊन बसल्या. त्यांच्याकडे एक संकरित गाय आणि दोन शेळ्या. गाय पावसाळा सरता सरता आजारी पडली. ताप यायचा, दोन दिवसांनी उतरायचा, पुन्हा यायचा. दूध निम्म्यावर आलं. कोणी म्हणालं गोचीड ताप, कोणी म्हणालं सर्रा, कोणी म्हणालं लागण. तीन वेळा तीन वेगळी इंजेक्शनं झाली आणि त्यासाठी बचत गटातून उचललेले पैसे संपले. गाय वाचली, पण आटली. मावशींचा प्रश्न साधा होता. "बाबा, आशाताई येतात, बोटाला टोचतात, पट्टीवर रक्ताचा थेंब टाकतात आणि पंधरा मिनिटांत सांगतात मलेरिया आहे का नाही. मग माझ्या गाईला तशी पट्टी का नाही?"

प्रश्न इतका बरोबर आहे की त्याचं उत्तर या पानावर सविस्तर द्यावं असं वाटलं. कारण अशी पट्टी करण्याचं काम जगात चालू आहे, त्यात उंटाच्या रक्ताचा मोठा वाटा आहे, आणि या गोष्टीतला एक महत्त्वाचा धागा आपल्या महाराष्ट्रातल्या एका शेतकऱ्यापाशी येऊन पोचतो.

आधी मावशींच्या गाईचं बघू. आपण ज्याला सरसकट "गोचीड ताप" म्हणतो तो एक रोग नाही. गोचीड चावल्याने थायलेरिया होतो, बबेसिया होतो, ॲनाप्लाझ्मा होतो. थायलेरियात गळ्याजवळच्या आणि खांद्यापुढच्या गाठी सुजतात. बबेसियात लघवी लाल किंवा कॉफीसारखी होते. सर्रा मात्र गोचिडाने होत नाही. तो रक्त पिणाऱ्या मोठ्या माश्यांमुळे पसरतो. पावसाळ्यात आणि त्यानंतर जनावराच्या पाठीवर, पायांवर बसून कडकडून चावणाऱ्या या माश्यांना शास्त्रात टॅबॅनस म्हणतात. प्रत्येक रोगाचं औषध वेगळं. थायलेरियाचं औषध बुपारव्हाकोन, तेही महागडं. बबेसिया आणि सर्रा या दोन्हींवर डायमिनाझिन चालतं, पण थायलेरियावर त्याचा उपयोग होत नाही. ॲनाप्लाझ्मा तर परजीवी नसून जिवाणू, त्याला टेट्रासायक्लिनच्या गटातलं औषध लागतं. म्हणजे निदान चुकलं की औषधही चुकलं, पैसे गेले, आणि जनावराच्या यकृतावर उगाच ताण पडला. मोठ्या गोठेवाल्याची एक गाय आटली तर त्याच्या दहा चालू असतात. आपल्या वस्तीत एकच गाय असते, आणि तिच्या दुधावर मुलीची शाळेची फी असते.

सर्रा ओळखणं सगळ्यात अवघड, म्हणून पुढे त्याच्याबद्दलच जास्त बोलतो.

सर्राचा जंतू ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय. ग्रिफिथ इव्हान्स नावाच्या वेल्श पशुवैद्याने १८८० साली, तेव्हाच्या पंजाबातल्या डेरा इस्माईल खान इथे, घोड्यांच्या आणि उंटांच्या रक्तात तो पहिल्यांदा पाहिला. म्हणजे हा रोग शोधला गेला आपल्याच उपखंडात. जंतू लाल पेशींपेक्षा लांब, शेपटीसारखा, रक्तात वळवळत पोहणारा. घोडा, उंट आणि कुत्रा यांना तो झपाट्याने मारतो. ओडिशातल्या नंदनकानन प्राणिसंग्रहालयात २००० साली याच जंतूने दहाहून जास्त वाघ मेले, तेव्हा वर्तमानपत्रांतून हे नाव घरोघरी पोचलं होतं. गाई-म्हशींत तो बहुधा चोरपावलाने राहतो. अधूनमधून ताप, रक्त कमी होणं, जनावर वाळत जाणं, दूध घटणं, कधी गाभ पडणं, कधी डोळ्यांतून पाणी आणि पायांवर सूज. यातलं एकही लक्षण असं नाही की बघितलं आणि सांगितलं, हा सर्राच.

मग रक्त तपासून का कळत नाही? कळतं, पण नशीब लागतं. हा जंतू अंगावर प्रथिनाचा एक सदरा घालून फिरतो. जनावराचं शरीर त्या सदऱ्याला ओळखतं, त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं म्हणजे अँटीबॉडी तयार करतं आणि जंतूंची फौज मारतं. ताप उतरतो. पण थोड्या जंतूंनी तोवर सदरा बदललेला असतो. ते वाढतात, पुन्हा ताप. शरीर पुन्हा नवी अँटीबॉडी बनवतं, जंतू पुन्हा सदरा बदलतात. ताप चढलेला असताना रक्त घेतलं तर काचपट्टीवर जंतू दिसण्याची शक्यता असते. ताप उतरल्यावर घेतलं तर काच स्वच्छ, आणि आपण म्हणतो, "तपासलं, काही नाही निघालं."

चंद्रपूरचा शेतकरी

माणसाला सर्रा होत नाही, असं शंभराहून अधिक वर्षं मानलं जात होतं. माणसाच्या रक्तात एक प्रथिन असतं, त्याचं नाव एपीओएल-१. ते या जंतूला फोडून मारतं. म्हणून आपण गाई-म्हशींजवळ राहूनही सुरक्षित असतो.

२००४ साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका खेड्यातला एक शेतकरी महिनोन्‌महिने ताप घेऊन फिरत होता. ताप यायचा, जायचा, पुन्हा यायचा, अगदी मावशींच्या गाईसारखा. त्याच्या रक्तात डॉक्टरांना वळवळणारे ट्रिपॅनोसोमा दिसले. नागपूरच्या डॉक्टरांनी आणि परदेशी तज्ज्ञांनी मिळून तपास केला आणि ठरलं की हा जनावरांचाच सर्रा. माणसातली अशी ही जगातली पहिली पक्की नोंद, २००५ साली प्रसिद्ध झाली. जागतिक आरोग्य संघटनेने सुरामिन नावाचं जुनं औषध पुरवलं आणि तो माणूस बरा झाला. पुढे बेल्जियममधल्या ब्रसेल्सच्या शास्त्रज्ञांनी त्याचं रक्त तपासलं तेव्हा कोडं सुटलं. आईकडून आणि बापाकडून आलेल्या दोन्ही जनुकांत दोष असल्याने त्याच्या रक्तात ते एपीओएल-१ प्रथिनच नव्हतं. २००६ साली हे छापून आलं. ना त्याच्या गरिबीचा दोष, ना राहणीचा. जन्मजात एक कडी निसटलेली होती.

या प्रकरणातली पुढची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. त्या गावातल्या १,८०६ लोकांची कार्डावरची चाचणी झाली. ती चाचणी अँटीबॉडी शोधते. जवळजवळ २३ टक्के लोकांच्या रक्ताने कार्डावर होकार दिला! नीट फेरतपासणी केल्यावर ६० जण उरले. त्या साठांच्या रक्तात जंतू शोधले, तर एकाच्याही रक्तात सापडला नाही.

याचा अर्थ काय घ्यायचा? अँटीबॉडी सापडणं म्हणजे शरीराची या जंतूशी, किंवा त्याच्यासारख्या दुसऱ्या कशाशी, कधीतरी गाठ पडली असावी. आज जंतू अंगात आहे असं त्यातून सिद्ध होत नाही. करोनाच्या काळात आपण हे सगळं अनुभवलं आहे. अँटीबॉडी टेस्ट सांगायची, "तुम्हाला होऊन गेला असेल." अँटीजेन टेस्ट सांगायची, "आज आहे." जनावराचंही तेच. औषध देऊन गाय बरी झाली तरी तिच्या रक्तात अँटीबॉडी कित्येक महिने राहतात. कार्ड होकारच देत राहणार, आणि कोणी तरी पुन्हा इंजेक्शन टोचणार. म्हणून जंतूचा स्वतःचा तुकडा, म्हणजे अँटीजेन, पकडणारी चाचणी हवी. आशाताईंची मलेरियाची पट्टी हेच करते. ती मलेरियाच्या जंतूचं प्रथिन पकडते.

आणि पकडायला लागतो चिमटा. तो चिमटा म्हणजेसुद्धा अँटीबॉडीच, पण प्रयोगशाळेत मुद्दाम बनवलेली. इथे उंट येतो.

फ्रीजमधलं उंटाचं रक्त

१९८० च्या दशकाच्या अखेरीस ब्रसेल्सच्या विद्यापीठात रेमंड हॅमर्स हे प्राध्यापक शिकवत होते. विद्यार्थ्यांना रक्तातून अँटीबॉडी वेगळी करण्याचं प्रात्यक्षिक करायचं होतं. माणसाचं रक्त वापरायला पोरं घाबरत होती, कारण एड्सची धास्ती होती. उंदीर मारायला तयार नव्हती. फ्रीजमध्ये उंटाचं रक्त पडून होतं, ट्रिपॅनोसोमाच्याच अभ्यासासाठी आणलेलं. घ्या हे, म्हणाले. पोरांनी काम केलं आणि त्यांना नेहमीच्या अँटीबॉडीबरोबर एक भलतीच लहान अँटीबॉडी सापडली. आधी वाटलं काहीतरी चुकलं असेल. चुकलं नव्हतं. १९९३ साली 'नेचर' या नियतकालिकात हा शोध छापून आला.

सर्वसाधारण अँटीबॉडी इंग्रजी वाय अक्षरासारखी दिसते. तिच्यात चार साखळ्या असतात, दोन जड आणि दोन हलक्या. जंतूला धरणारं टोक जड आणि हलकी साखळी मिळून बनतं, म्हणजे दोन बोटांची चिमट. उंट आणि त्याचे दक्षिण अमेरिकेतले भाऊबंद लामा व अल्पाका यांच्याकडे नेहमीच्या अँटीबॉडीबरोबर आणखी एक जात असते. तिच्यात हलकी साखळी नसतेच. एकट्या जड साखळीचं टोक जंतूला धरतं. ते टोक कापून वेगळं केलं तरी त्याची पकड सुटत नाही. या तुकड्याला नॅनोबॉडी म्हणतात. आख्ख्या अँटीबॉडीच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढा. लांबी चार नॅनोमीटरच्या आसपास, आणि एका मिलिमीटरमध्ये दहा लाख नॅनोमीटर असतात. आपल्याकडे उंट म्हणजे जत्रेत पोरांना फेरी मारणारं जनावर, पण त्याच्या रक्तात ही चीज आहे.

लहान असल्याचा फायदा कुलूपकिल्लीसारखा आहे. प्रथिनांच्या अंगावर खाचा असतात. मोठी अँटीबॉडी तिथे घुसत नाही, नॅनोबॉडी घुसते. पुष्कळ नॅनोबॉडी उष्णताही चांगली सोसतात, तापून विस्कटल्या तरी थंड झाल्यावर पुन्हा आपल्या मूळ आकारात येतात. मे महिन्यात आपल्या नगरच्या उन्हात, पत्र्याच्या दवाखान्यात, फ्रीज बंद आणि वीज गेलेली असताना याची किंमत कळते. शिवाय नेहमीची अँटीबॉडी बनवायला उंदराच्या पेशी वाढवाव्या लागतात, त्याचा खर्च आणि सोवळं मोठं. नॅनोबॉडी साध्या जिवाणूंकडून, यीस्टकडून बनवून घेता येते. ताक विरजावं तसं भांड्यात जिवाणू वाढवायचे आणि त्यांच्याकडून हवं ते प्रथिन काढून घ्यायचं.

यासाठी उंट किंवा अल्पाका मारावा लागत नाही. जंतूच्या प्रथिनाची लस काही आठवड्यांच्या अंतराने टोचतात, मग थोडं रक्त घेतात आणि जनावर परत कळपात जातं. त्या रक्तातल्या पेशींमधून नॅनोबॉडी बनवण्याची जनुकं काढतात, कोट्यवधी नमुने तयार होतात, त्यातून जंतूच्या प्रथिनाला घट्ट धरणारे निवडतात. निवडण्याची ही पद्धत काढणाऱ्या जॉर्ज स्मिथ आणि ग्रेगरी विंटर यांना २०१८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. एकदा जनुक हाती आलं की तीच नॅनोबॉडी कायम बनत राहते, दर खेपेला जनावर लागत नाही.

जंतूचा सदरा सोडून त्याचं पोट पकडायचं

सदरा बदलणाऱ्या चोराला सदऱ्यावरून पकडता येत नाही, हे शास्त्रज्ञांनी ओळखलं. म्हणून त्यांनी जंतूच्या पोटातलं काहीतरी शोधलं. ट्रिपॅनोसोमा रक्तातल्या साखरेवर जगतो. साखर पचवायला त्याच्याकडे जी प्रथिनं असतात ती तो बदलू शकत नाही, बदलली तर उपाशी मरेल. जंतू मरतो, फुटतो, तेव्हा ही प्रथिनं जनावराच्या रक्तात सांडतात.

आफ्रिकेत गाईंना सर्राच्या भावकीतला एक रोग होतो, त्याचा जंतू ट्रिपॅनोसोमा काँगोलेन्स. २०१८ साली एका संशोधक गटाने अल्पाकापासून दोन नॅनोबॉडी निवडल्या. दोन्ही या जंतूचं पायरुव्हेट कायनेज हे साखर पचवणारं प्रथिन धरतात, पण वेगवेगळ्या जागी. एक नॅनोबॉडी कागदाच्या पट्टीवर रेघ मारून बसवली, दुसरीला रंगीत कण चिकटवले. रक्ताचा पातळ भाग पट्टीवर टाकला की तो कागदातून सरकतो. जंतूचं प्रथिन असेल तर ते दोघींच्या मध्ये सँडविचसारखं अडकतं आणि रेघ उमटते. गरोदरपणाची पट्टी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. प्रयोगात मुद्दाम लागण केलेल्या उंदरांच्या आणि गाईंच्या रक्तावर ही पट्टी चालली. आणि औषध देऊन जनावर बरं झालं की रेघ जाते, म्हणजे "इंजेक्शन लागू पडलं का?" याचंही उत्तर मिळतं. मावशींना तिसऱ्या इंजेक्शनआधी हेच हवं होतं.

२०२० साली असाच शोध आपल्या सर्राच्या जंतूसाठी झाला. त्यात एनोलेज नावाचं प्रथिन पकडणाऱ्या नॅनोबॉडी मिळाल्या.

डुकरांच्या बाबतीतलं एक कामही सांगण्यासारखं आहे, कारण ते थेट आपल्या मुलांच्या डोक्याशी जोडलेलं आहे. डुकराच्या मांसात टीनिया सोलियम या पट्टकृमीच्या गाठी असतात. ज्या माणसाच्या पोटात हा कृमी असतो त्याच्या विष्ठेतून अंडी बाहेर पडतात, उघड्यावरून भाजीत, पाण्यात येतात. ती पोटात गेली तर मेंदूत गाठी होऊन फिट येऊ शकते. डुकरात हा कृमी आहे का हे सांगणाऱ्या जुन्या चाचण्या त्याच्या भावकीतल्या, माणसाला अपाय न करणाऱ्या कृमींनाही होकार द्यायच्या. २००९ साली नॅनोबॉडी वापरून या सख्ख्या-चुलत्यांमध्ये फरक करता येतो, असं दाखवलं गेलं.

मग मावशींना पट्टी कधी मिळणार? जनावरांच्या दवाखान्यात आज ती मिळत नाही. थोडे जंतू असले तर पट्टी चुकू शकते, गोठ्यातल्या खऱ्याखुऱ्या जनावरांवर मोठ्या संख्येने ती तपासून पाहावी लागते, आणि प्रत्येक जंतूसाठी वेगळी नॅनोबॉडी शोधावी लागते. पण खरी अडचण मला दुसरीच दिसते. मलेरियाची पट्टी आली कारण सरकारांनी आणि जागतिक संस्थांनी ती लाखोंनी विकत घेतली. एकदोन शेळ्या पाळणाऱ्या बाईसाठी पट्टी बनवायला कंपनी आपणहून येणार नाही, कोणीतरी सार्वजनिक पैशाने ती मागवावी लागेल. आपल्या देशात सर्रावर हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात अनेक वर्षं काम चालू आहे, बिकानेरला उंटांचं राष्ट्रीय केंद्र आहे. उंटही आहेत आणि माणसंही आहेत.

तोवर काय करायचं, ते सांगतो. जनावराला ताप असेल तेव्हाच, आणि पहिलं इंजेक्शन देण्याआधी, कानाच्या शिरेतून रक्ताची काचपट्टी काढायला डॉक्टरांना सांगा. सांगायला लाजू नका, तो तुमचा हक्क आहे. ताप उतरल्यावर काढलेल्या स्वच्छ काचेवर विसंबू नका, पुढचा ताप आला की पुन्हा काढा. नेता येत नसेल तर १९६२ या क्रमांकावर पशुवैद्यकीय फिरत्या पथकासाठी फोन करता येतो. लघवीचा रंग, गाठींची सूज, तापाच्या तारखा वहीत लिहून ठेवा, मुलगी शाळेत जात असेल तर तिच्याकडून लिहून घ्या. डॉक्टरांना त्या वहीचा चाचणीइतका उपयोग होतो. एकाच सुईने सगळ्या जनावरांना टोचू देऊ नका. माशी जे करते तेच ती सुई करते, एका जनावराचं रक्त दुसऱ्यात नेते.

रक्ताबद्दल आणखी एक. माणसाला सर्रा फारच क्वचित होतो, पण २०१५ साली व्हिएतनाममध्ये एका बाईला झाला, आणि तिच्या रक्तात एपीओएल-१ व्यवस्थित होतं. गोमांस कापताना तिच्या हाताला जखम झाली होती. आपल्या आज्या-पणज्यांच्या वाट्याला मेलेली ढोरं ओढणं आणि सोलणं आलं होतं, उघड्या हातांनी. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडा असं सांगितलं तेव्हा प्रश्न माणुसकीचा होता. आरोग्याच्या बाजूनेही त्या सांगण्याला किती आधार आहे हे आज कळतं. व्यायलेल्या गाईची वार काढताना, मेलेलं जनावर हलवताना हाताला चीर असेल तर हातमोजे घाला, नसतील तर जाड प्लास्टिकची पिशवी तरी बांधा. मेलेल्या जनावराचं कच्चं मांस कुत्र्यांना टाकू नका, त्यांना त्यातून सर्रा होतो. दूध तर उकळूनच प्यायचं, त्याची कारणं वेगळी आहेत आणि त्यावर पुढे कधीतरी लिहीन.

मावशींच्या गाईचा ताप मागच्या आठवड्यात पुन्हा आला. या वेळी काचपट्टी आधी काढली. थायलेरिया निघाला.